बालवाडीच्या भिंतींवर वारली: काम कसं झालं, खर्च किती आला

वसईला आमची छोटी बालवाडी आहे. दोन वर्ग, पुढे लांब पडवी, मागे विहीर. यंदा फेब्रुवारीत मोठ्या वर्गातली एक भिंत आणि पडवीची भिंत आम्ही डहाणू तालुक्यातल्या एका वारली कुटुंबाकडून रंगवून घेतली. दादा, वहिनी आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा पुतण्या अशी तिघं आली होती. मध्ये अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता कामाबद्दल ठामपणे बोलता येतं. काम फार सुंदर झालंय. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कुठे कापला तेही सांगते. त्यांचा नंबर असा सगळ्यांसमोर टाकलेला त्यांना नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण असं काम कुणाकडूनही करून घ्यायचं असेल तर काय विचारावं, भिंत कशी तयार करावी, पैसे किती धरावेत, हे सगळं लिहिते.

पहिली अडचण येते ती फोनवरच. मी शोध घ्यायला लागले तेव्हा सगळ्यांना ‘वॉल पेंटिंग करायचंय’ असं सांगत होते. त्यावर एकानं विचारलं, टेक्श्चर हवंय की स्टेन्सिल? दुसरा सिमेंटच्या आणि क्लासेसच्या जाहिराती कंपाउंडवर रंगवणारा निघाला, कारण त्या धंद्यात वॉल पेंटिंग म्हणजे तेच. तिसऱ्यानं ‘म्युरल’ म्हटल्यावर फायबरचा आणि सिमेंटचा उठावाचा नमुना पाठवला, बंगल्यांच्या दर्शनी भिंतीवर घोडे किंवा बुद्ध असतात तसला. आपल्याकडे इंटिरिअरवाल्यांच्या तोंडी म्युरल म्हणजे बहुतेक वेळा हे उठावाचं काम असतं आणि त्याचा दर भलताच असतो. ‘भित्तिचित्र’ म्हणावं तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे थेट अजिंठा येतो किंवा पेशवाईतला वाडा. शेवटी मी एक वाक्यच ठरवून टाकलं: वारली चित्र, भिंतीवरच, हातानं काढलेलं, साचा नाही, स्टिकर नाही. एवढं सांगितलं की निम्मे लोक आपणहून बाजूला होतात. राहतात त्यांच्याशी पुढे बोलावं.

साच्याबद्दल एवढी ताकीद देते त्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका दवाखान्यात सजावटवाल्यांनी ‘वारली थीम’ची भिंत करून दिली होती. लांबून छान वाटते. जवळ गेलं की दिसतं, सगळी माणसं एकाच मापाची, सगळ्यांचा उजवा हात वर, सगळ्यांचे पाय सारखे वाकलेले. तारपा वाजवणाऱ्याच्या हातात सनईसारखं काहीतरी सरळसोट दिलंय, आणि नाचणारे एका सरळ रांगेत उभे. तारपा हे वाळवलेल्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असलेलं चांगलं लांबलचक वाद्य असतं. वाजवणारा मध्ये असतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फिरतात, आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. हे ज्यानं कधी पाहिलंच नाही त्यानं साचा कापला की त्याची रांग होते. त्या भिंतीचा दर मला नव्वद रुपये चौरस फूट सांगितला होता. स्वस्त होता. तरी मी नको म्हटलं, कारण तीन-चार वर्षांची मुलं रोज जे बघणार ते खोटं नको.

दादांची गाठ एका हस्तकलेच्या प्रदर्शनात पडली. तिथे ते कापडावरची चित्रं विकायला बसले होते. भिंत करता का, म्हटल्यावर म्हणाले, “आधी भिंत बघतो.” हे मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं, बाकीच्यांनी फोटो मागवून दर सांगितला होता. डहाणू रोडहून लोकलनं आले, चहा घेतला आणि बोटाच्या पेरानं भिंत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. खिडकीखाली आवाज बदलला. “इथं प्लास्टर सुटलंय बाई, आधी हे काढा.” पडवीच्या भिंतीला वरून पन्हाळाचं पाणी कुठे उतरतं तेही विचारलं. मग वर्गात मुलांच्या रांगेमागे खाली बसले आणि भिंतीकडे मुलांच्या उंचीवरून बघितलं. त्यांची निवड मी तिथंच पक्की केली.

पैशांचं साफ सांगते, कारण याबद्दल कुणी नीट लिहीत नाही. वर्गातली भिंत १४ फूट बाय ८ फूट, म्हणजे ११२ चौरस फूट. तिला दोनशे रुपये चौरस फूट. पडवीची २० बाय ६, तिथलं काम विरळ, म्हणून दीडशे. दोन्ही मिळून ४०,४०० रुपये. रंग, पुट्टी, प्रायमर, ब्रश आमच्याकडे, त्याचे साडेसहा हजारांच्या आसपास गेले. भिंत तासण्याची आणि पुट्टीची मजुरी वेगळी, ती आमच्या नेहमीच्या रंगाऱ्याला दिली. येण्याजाण्याचा खर्च, राहणं आणि जेवण आमच्याकडे. राहायला दुसरा वर्ग दिला, जेवण आमच्या मदतनीस ताईंनी केलं. रक्कम ऐकून आमच्या संस्थेतल्या एकांनी घासाघीस करायला सुचवलं होतं. मी केली नाही. तीन माणसं सकाळी आठपासून उजेड जाईपर्यंत उभी राहून हाताने काम करणार, त्यात एका माणसाच्या हाताला चाळीस वर्षांची सवय, तर तो दर जास्त नाही. पूर्वी शिकून गेलेल्या मुलांच्या पालकांनी बराचसा भार उचलला.

आता भिंतीची तयारी. मूळ वारली घर कुडाचं असतं: कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरूचा हात. त्या लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर शेणामातीचा थर धरत नाही, पापुद्रा होऊन खाली येतो. दादांनी हे स्वतःच सांगितलं; ‘अस्सल’च्या नावाखाली शेण फासून जास्त पैसे मागितले नाहीत. आमचा जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडला, सुटलेलं प्लास्टर फोडून पुन्हा केलं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, आणि त्यावर इमल्शनचे दोन हात. तो गेरूचा रंग मात्र दुकानातून तयार आणला नाही. दुकानातल्या पत्रिकेत दहा प्रकारचे विटकरी रंग असतात, दादांना एकही पसंत पडला नाही. त्यांनी पांढऱ्या इमल्शनऐवजी रंगछटा द्यायचा मूळ बेस मागवला, त्यात कपड्यातून गाळलेली गेरूची पूड आणि थोडा काळा घातला, चिकटपणासाठी फेविकॉल, आणि दाराजवळ हातभर पट्टा लावून एक रात्र वाळू दिला. सकाळी बघून म्हणाले, “अजून माती पाहिजे.” पुन्हा पूड घातली. शेवटी जो रंग आला तो ओल्या जमिनीच्या जवळचा आहे, उन्हात तांबूस आणि संध्याकाळी तपकिरी दिसणारा. पांढरा मात्र ॲक्रिलिक. पिठाचा पांढरा बाहेरच्या भिंतीवर एक पावसाळाही टिकला नसता आणि वर्गात मुंग्या, झुरळं लागली असती.

दादांनी एक गोष्ट न विचारता केली. खालची अडीच फूट पट्टी त्यांनी मोकळी ठेवली, फक्त गेरू. वर एक बारीक नक्षीची किनार, आणि चित्र त्याच्या वर सुरू. म्हणाले, मुलांचे हात तिथंच लागणार, आणि त्यांना पण काढू द्या खडूनं. आज ती पट्टी आमच्या वर्गातली सगळ्यात गजबजलेली जागा आहे. खडूनं काढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. कुणी शाळेचं काम काढणार असेल तर ही सूचना आवर्जून घ्या.

काम बघण्यासारखं होतं. पेन्सिलीचा कच्चा आराखडा नाही. फक्त तारप्याच्या नाचाचं मोठं वेटोळं खडूनं पुसट आखून घेतलं, बाकी सगळं थेट ब्रशनं. माणूस असा होतो: आधी वरचा त्रिकोण, टोक खाली, मग खालचा त्रिकोण, टोक वर, दोन टोकं कमरेशी मिळतात. त्यावर मानेची रेघ, डोक्याचा भरीव गोल, बाई असेल तर मागे छोटा अंबाडा. मग एकेका फटकाऱ्यात हात-पाय. सांगायला एवढंच आहे आणि पाचवीतलं पोरही काढेल असं वाटतं. पण मी वहिनींच्या मागे उभी राहून बघत होते. वरचा त्रिकोण त्यांनी किंचित डावीकडे कलता घेतला, खालचा उजवीकडे, आणि ती बाई वाकून भात लावायला लागली. पुढची बाई तोच त्रिकोण सरळ घेऊन उभी राहिली, तिनं कंबरेवर हात ठेवला, ती दमली होती. नाक नाही, डोळे नाहीत, चेहराच नाही. सगळं त्या दोन त्रिकोणांच्या कोनात आणि गुडघ्याच्या वाकण्यात. त्याच लावणीच्या ओळीत अकरा बाया आहेत आणि अकरा जणींची पाठ वेगवेगळी आहे. साच्याच्या भिंतीला जे कधीच जमणार नाही ते हे.

ब्रश बाजारातले होते, एक नंबरचा आणि शून्याचा. पण मुंग्यांची रांग आणि झाडाची पानं काढताना दादांनी पिशवीतून बांबूची काडी काढली. टोक दातानं चावून कुंचल्यासारखं मऊ केलेली. म्हणाले, याच्यानं रेघ जरा थरथरते, पान जिवंत वाटतं. मी जवळून पाहिलं, खरंच ब्रशची रेघ सगळीकडे एकसारखी आणि काडीची कुठे जाड कुठे बारीक.

वर्गाच्या भिंतीवर काय आलं? उजवीकडे डोंगर, जंगल, वाघ. खाली घर, अंगणात डालग्याखाली कोंबडी, कणगीतून भात काढणारी बाई, उखळात कांडणाऱ्या दोघी. मध्ये तारपा. डावीकडे ताडावर चढलेला माणूस, खाली बैलांची मळणी, आणि टोकाला नदी, तिच्यात पसरलेलं जाळं. ते जाळं एकट्या पुतण्यानं केलं, बराच वेळ पायरीवरून न उतरता. इतके बारीक चौकोन की लांबून धुकं पसरल्यासारखं वाटतं.

मुलांबद्दल सांगायलाच हवं, त्यांच्यासाठीच हे केलं. सुट्टीत भिंत करून घ्या असं बरेच जण म्हणाले होते. मी मुद्दाम शाळा चालू असताना घेतली. चित्र आयतं भिंतीवर आलेलं बघणं आणि माणसाच्या हातातून उतरताना बघणं यात फार अंतर आहे. पहिल्या दिवशी गलका. दुसऱ्या दिवसापासून मुलं डबा खाऊन आपणहून भिंतीसमोर मांडी घालून बसायची. कोण कुठे येणार यावर त्यांची भांडणं. एकानं विचारलं, “लोकल कुठाय?” त्याचे बाबा रोज विरार गाडीनं जातात. दादा हसले आणि वरच्या कोपऱ्यात डोंगरामागून निघालेली गाडी काढली. खिडक्याखिडक्यांतून माणसं, दारात लटकलेली चौघं. म्हणाले, “ही डहाणू लोकल, आम्ही हिच्यातूनच आलो.” कुणी म्हणेल की परंपरेत गाडी कुठून आली. दादांच्या पाड्यावरून रोज दिसते ती गाडी चित्रात यायला काहीच हरकत नाही असं मला वाटतं, आणि त्यांना तर प्रश्नही पडला नाही.

एका गोष्टीला मात्र त्यांनी स्वच्छ नकार दिला. आमच्या संस्थेतल्या एक ताई नेटवरचा फोटो घेऊन आल्या होत्या, नक्षीदार चौकोन आणि आत देवी. भिंतीवर हेही काढा, असा त्यांचा आग्रह. वहिनींनी फोटो बघितला आणि मान हलवली. “हा लग्नाचा चौक आहे. हा इथं नाही लिहायचा.” चौक लिहितात, असंच त्या म्हणतात. मग कामातून हात न काढता त्यांनी सगळं सांगितलं. लग्नघरात आतल्या भिंतीवर सवाशिणी तो लिहितात. मध्ये पालघट देवी, सभोवती झाडं, नवरा-नवरी, चंद्र-सूर्य, फणी. शेजारी छोटा देवचौक, त्यात घोड्यावरचा पाच शिरांचा पंचशिरीया. धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणते, देवांना बोलावते. हळद-कुंकवाचे ठिपके त्याच चित्राला लागतात. एरवी वारली चित्रात पांढऱ्याशिवाय रंग नसायचा. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. हल्ली कागदावर, कापडावर चौक काढून विकणारे आहेत, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. आपण पोरांच्या वर्गात लग्न कशाला मांडायचं, असं वहिनींचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी कणसरीचं शेत सुचवलं. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिथे आता भरल्या कणसांचं शेत आहे आणि ताईंनाही ते मनापासून आवडलं. गिऱ्हाईक पैसे देतंय म्हणून काहीही काढून देणारे पुष्कळ भेटतात. ज्यांना काय कुठे शोभतं हे ठाऊक आहे आणि जे तोंडावर सांगतात, अशांच्या हाती भिंत द्यावी.

पिठाची चित्रंही मुलांना दाखवायची होती. त्यासाठी वेगळा मार्ग काढला. तीन बाय चारच्या प्लायवर जाड मांजरपाट ताणून चिकटवला, त्यावर शेण-माती सारवली, वाळल्यावर गेरू. वहिनींनी तांदूळ भिजत घातले, आमच्या पाट्यावर वरवंट्यानं गंधासारखे वाटले, त्यात डिंकाचं पाणी. मुलं भोवती. त्या रेघ ओढायच्या तेव्हा भिजलेल्या गेरूवर जवळजवळ काहीच दिसायचं नाही, नुसता ओला माग. मुलं म्हणायची, “आलं नाही, आलं नाही.” आणि मग पंख्याच्या वाऱ्यानं ते वाळायला लागलं की टोकापासून हळूहळू पांढरं उमटत यायचं. आधी शेपूट, मग पाय, मग आख्खा बैल. एक मुलगी तर आनंदानं ओरडलीच. रेघ ओढताना न दिसणारं चित्र काढायचं म्हणजे हात किती बसलेला असला पाहिजे, ते मला तेव्हा कळलं. हा फळा कपाटाच्या वर, कोरड्या जागी लावलाय. पावसाळ्यात कोपऱ्यात थोडी बुरशी आली, ती सुक्या ब्रशनं झटकली. त्याचे त्यांनी वेगळे दोन हजार घेतले, ते कमीच वाटले म्हणून आम्ही जास्त दिले.

आता तक्रारी. ठरलेल्या तारखेला ते आले नाहीत. नात्यातलं लग्न निघालं आणि आठवडा पुढे गेला. आदल्या रात्री फोन करून सांगितलं, पण आम्ही वर्ग रिकामा करून ठेवला होता, पालकांना कळवलं होतं, बरीच धावपळ झाली. लेखी दरपत्रक देत नाहीत, पक्कं बिल नाही. संस्थेच्या हिशेबाला कागद लागतो, म्हणून मी साध्या कागदावर मापं, दर, कोणतं सामान कुणाचं असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. त्यांनी खुशीनं केल्या. तुम्हीही करा, दोन्हीकडून बरं पडतं. शिडी आणि उभं राहायची घोडी त्यांच्याकडे नसते, ती आपण आणायची. आणि गेरू फरशीवर सांडला तर लगेच पुसायला हवा. आमच्या कोट्याच्या लादीवर दाराशी एक डाग कायमचा राहिला. जाड प्लास्टिक अंथरायला सांगितलं होतं, त्यांनी वर्तमानपत्रं पसरली, ती पायात येऊन सरकली. बाकी चित्रात पाट्या टाकल्याचा एक चौरस इंच दाखवता येणार नाही, म्हणून अर्धाच गुण कापला.

जेवायला बसल्यावर बोलणं व्हायचं. पूर्वी हे बायकांचंच काम होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, कागद आणि रंग दिले, आणि चित्रं भिंतीवरून बाहेर पडली. याच कुलकर्णींनी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. वारल्यांत पुरुषांनी रोजचं काम म्हणून चित्रं काढायला लागणं हे गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यापासूनचं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आमच्या दादांनी त्यांना काम करताना लहानपणी पाहिलं होतं. ते जाळं आणि त्या मुंग्या तिकडच्याच, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, तरी चादरी, कप, उशांचे अभ्रे सगळीकडे ‘वारली प्रिंट’ खपतात, आणि त्यातला किती पैसा पाड्यावर जातो ते सगळ्यांना दिसतंच आहे.

दादा मोठ्या बंगल्यांतही काम करतात, मधल्या माणसांमार्फत. तिथे त्यांना सही करू देत नाहीत. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आम्ही दोन्ही भिंतींवर उजव्या कोपऱ्यात सह्या करायला लावल्या. वहिनी आधी तयार होईनात; दादांचंच नाव पुरे म्हणाल्या. भात लावणाऱ्या अकरा बाया कुणी काढल्या, म्हटल्यावर हसल्या आणि खाली आपलं नाव घातलं. मग पुतण्यानंही जाळ्याखाली घातलं. मुलं आता चित्रातली माणसं दाखवताना ती तिन्ही नावं घेतात. तुम्ही मधल्या कंपनीकडून काम करून घेत असाल, तरी एवढी अट जरूर घाला. कंपनीला त्याचा एक पैसा खर्च येत नाही.

पावसाळ्यानंतरची स्थिती अशी: वर्गातली भिंत नव्यासारखी. पडवीची भिंतही चांगली राहिली, फक्त डाव्या टोकाला वरचं पन्हाळ गळत होतं तिथे हातभर पोपडे आले. दादांनी आधीच बजावलं होतं, आमच्या प्लंबरनं पन्हाळ नीट बसवलं नव्हतं. ते आता दुरुस्त केलंय. पोपडे आलेला भाग दादा फुकट करून देणार आहेत, फक्त गाडीभाडं द्यायचं. धूळ सुक्या मऊ फडक्यानं पुसावी, ओलं फडकं चित्रावर फिरवू नये. फिनेल, साबण तर नाहीच. वरून चकचकीत वॉर्निश मारू का, असं आमच्या रंगाऱ्यानं विचारलं होतं, मी मारू दिलं नाही. चमक आली की गेरूचा मातकटपणा जातो.

कुणाला बोलवायचं असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ धरा, आणि दिवाळीनंतर लगेच बोलून ठेवा. एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडे लग्नं असतात. जून-जुलैत लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी. तेव्हा ही माणसं शेतात असतात, फोन घरी ठेवलेला असतो.